कुत्र्याचा वाटा

शनि., ८ फेब्रु.

अर्जातला तिसरा परिच्छेदही खोडला. सारिका समोर बसून बघत होती. 'लहानपणापासून मला संशोधनाची आवड' गेलं. उरलं ते असं: मेंढीच्या काळजात पाण्याच्या गाठी होतात. त्यातले जंत मेंढीतून कुत्र्यात, कुत्र्यातून माणसात. यावर पीएच.डी. करायची आहे.

काळीज म्हणजे यकृत. प्राणिशास्त्राच्या सरांनी सांगितलं. मुलाखतीच्या तयारीत विज्ञान ते बघतात, माझ्याकडे बोलणं आणि लिहिणं. वर्गात सगळी घरातली पहिलीच पदवीधर. सारिकाची मुलाखत ४ मार्चला, पुण्यात. इथून त्या संस्थेत अजून कुणी गेलेलं नाही.

कुत्र्याला स्वतःला म्हणे काही होत नाही. याचं नवल दिवसभर.

शनि., १५ फेब्रु.

सराव मुलाखत. सर म्हणाले, "कुत्र्याला हे काळीज देतं कोण?"

 सारिकाचं पाठ केलेलं इंग्रजी उत्तर, दुसऱ्याच प्रश्नाचं. त्यातलं एक वाक्य मी लिहून दिलेलं. तेव्हा चांगलं वाटलं होतं. तिच्या तोंडून उसनं वाटलं.

मागून घाटघरची भागी: "सर, अवघड इचारू नका तिला. घरी कुत्र्यासंगं इंग्लिश बोलती ती, तेवढीच प्रॅक्टिस."

सगळे हसले. सारिकाही. पण तिच्या घरी मेंढरं, उत्तर तिला माहीत होतं. मग दिलं का नाही?

रवि., २३ फेब्रु.

बोरी बुद्रुकला गेले. सारिकाने 'या एकदा' म्हटलं होतं. कांदा काढलेल्या रानात तिच्या घरच्यांच्या मेंढ्या बसवल्या आहेत, खतासाठी. वडील तात्या. डोक्याला फेटा, अंगात कुठल्यातरी क्रिकेट टीमचा टी-शर्ट. आई चुलीपाशी, वाकताना पोटाला हात लावते. गेल्या वर्षी ऑपरेशन झालं. काळजातली गाठ. सारिका हे कधी बोलली नव्हती.

माझ्यासाठी मेंढा कापला. नको म्हणेपर्यंत झालं होतं. तात्यांनी काळीज उजेडात धरलं. वर पांढरे फुगे, पाण्याने टम्म. तेवढा भाग कापला आणि कुत्र्यापुढे टाकला. कच्चाच.

"रातभर बिबट्याम्होरं उभा ऱ्हातो ह्यो. पहिला वाटा त्याचा. त्यानं खाल्ल्याबिगर आमी ताटाला बसत न्हाई."

"पण ते खराब दिसतंय."

"खराब म्हनूनच की. चांगलं तुमाला." आणि हसले. आईही हसली.

मी जेवले. चव चांगली होती.

रस्त्यापर्यंत सारिका सोडायला आली. तात्यांना सांगितलंस का, विचारलं.

"काय सांगू, मॅडम? आईचं दुखणं तुमच्या हातनं आलं, म्हणून?"

 रस्ता आल्यावर म्हणाली, "मुलाखतीत खरं सांगितलं तर काम व्हईल, कळतंय मला. पण इथं बोलले नाही ते तिथं कसं बोलू?"

 मला वाक्यं सुचली. ती दिली नाहीत.

मंगळ., ४ मार्च

दु. सारिकाचा फोन. तोच प्रश्न आला. कुत्र्याला कोण देतं?

ती म्हणाली, "माझे वडील."

 समितीतल्या एक बाई: मग ते थांबवत का नाहीत?

"त्यांना अजून सांगितलेलं नाही. आज सांगणार आहे."

एवढंच आठवतं म्हणाली. मुलाखत बरी झाली की वाईट, तिला कळलेलं नाही. मलाही. निकाल महिनाअखेरीस.

माझं एकही वाक्य वापरलं नाही.

तात्यांना कसं सांगणार? "आधी कुत्र्याच्या पोटात काय होतं ते. मग मेंढीचं. आईचं शेवटी." क्रम मी वेगळा लावला असता. तिचाच बरोबर असावा.

गुरु., १३ मार्च

होळी. सारिका कॉलेजात आली होती. तात्यांनी मुलाखतीच्या दिवशी सगळं ऐकून घेतलं आणि उठून मेंढ्यांकडे गेले. तेव्हापासून कामापुरतं बोलतात. आईला मात्र एकदा विचारलं, "तवा लई दुखायचं का गं?"

आई म्हणाली, "तवाचं तवा. भाकर खा."

कुत्र्याचा वाटा बंद करा, असं सारिका म्हणालेली नाही. उकळून द्या म्हणाली, चांगलं अर्धा तास. त्यावर तात्या एवढंच बोलले: "सरपण मानसांला पुरंना."

भागी म्हणाली, "गॅसवर शिजवा की. सबसिडी कुत्र्याच्या नावानं."

उद्या धुळवड. मेंढा कापणारच. तात्या काय करतील, सारिकाला अंदाज नाही. मी तिला दोनदा विचारलं. इतकी उत्सुकता बरी नव्हे.

शुक्र., १४ मार्च

सकाळी तात्यांनी काळीज पातेल्यात घालून उकळलं. स्वतः जाळ घालत बसले. गार करून कुत्र्यापुढे ठेवलं. त्याने हुंगलं आणि लांब जाऊन बसला.

सारिकाचा फोन आला तेव्हा वाटा तसाच पडलेला होता. मटण शिजून तयार. घरात कुणी ताटाला बसलेलं नव्हतं.