शेजारचं रिकामं कॅरेट

३ नोव्हेंबर, सोमवार. बारामती

आले एकदाची! श्रीरामपूर सुटलं. सामान म्हणजे दोन बॅगा, एक कुकर आणि ही वही. खोली कालव्याच्या बाजूला, पहिल्या मजल्यावर, उजेड भरपूर. घरमालकीण द्वारकाबाई खाली राहतात. चावी देताना त्यांनी दोनदा विचारलं, एकट्याच ना? मी दोनदा हो म्हटलं. दुसऱ्यांदा आवाज जरा चिरकला, पण त्यांचं लक्ष कुकरकडे होतं.

लॅबमध्ये पहिल्याच दिवशी सव्वीस जणांचं रक्त काढलं. एका आजोबांनी सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं सांगितलं, या बाईचा हात लई हलका हाय, सुई टोचल्याचं कळलंबी न्हाय. दिवसभर त्याच तोऱ्यात होते. अजितने सात वर्षांत माझ्या हाताला कधी चांगलं म्हटलं नाही. पोळीसुद्धा जाड लाटते म्हणायचा. इथे अजितचं नाव काढायचं नाही असं ठरवून आले आणि पहिल्याच पानावर काढलं. असो.

९ नोव्हेंबर, रविवार

घटस्फोटानंतर झोप उडाली तेव्हा तिकडच्या डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर एक कामही दिलं होतं. माणसांत बसा, एखादा गट शोधा, मनातलं बोला. म्हणून आठवडाभर गटच शोधतेय.

बागेतला हास्य क्लब करून पाहिला. हात वर करून खोटं खोटं हसायचं. साडेसात वाजले की सगळ्या बायका नवऱ्याचा डबा करायला पळतात. मला त्या डब्यांचा हेवा वाटला, तेव्हा तिथे परत जाण्यात अर्थ नव्हता. मग फोनवरच्या एका गटात शिरले. तिथे रोज सकाळी चाळीस जण गुलाबाची फुलं पाठवतात आणि कशी आहेस हे कोणीच विचारत नाही.

शेवटी एका दवाखान्याच्या फलकावर हाताने लिहिलेला कागद सापडला. ‘मन मोकळं करू. दर रविवारी दुपारी तीन. रावजीआबांची डाळिंबाची शेड, अंथुर्णे.’ खाली समुपदेशक माधवीताईंचा नंबर. फोन केला तर म्हणाल्या, या, काही आणू नका, चहा आमच्याकडे असतो. आवाज इतका मऊ की मला फोन ठेवल्यावर रडूच आलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

इंदापूरच्या एसटीने गेले. शेड म्हणजे पत्र्याची, एका बाजूला निवडलेल्या डाळिंबांची रास. फळं भरायची प्लॅस्टिकची कॅरेट पालथी घालून गोल केलेला. आपण एका कॅरेटवर बसायचं. ज्याचं माणूस गेलंय त्याच्या शेजारी आणखी एक कॅरेट, रिकामं. त्यावर त्या माणसाचा चहाचा कप.

ही पद्धत कुशाबाईंची. त्यांचा थोरला मुलगा गेला, तेव्हा चहा गाळताना सवयीने त्याचाही कप भरला गेला. टाकवेना, म्हणून शेजारी ठेवला. तेव्हापासून गटात सगळ्यांचं तसंच. उठताना ते कप डाळिंबाच्या बुंध्याशी ओततात. रावजीआबांच्या शेजारी त्यांच्या बायकोचा, बनाबाईंचा, बिनसाखरेचा. आणि वैष्णवीच्या शेजारी तिच्या नवऱ्याचा, रामचा.

ही वैष्णवी जेमतेम अठ्ठावीसची असेल. राम डाळजजवळ हायवेवर मोटरसायकलवरून पडला आणि दवाखान्यात वारला. ती तोंड उघडते आणि सगळे पुढे सरकतात. आबा डोळे पुसतात. कुशाबाईंचा हात तिच्या पाठीवरून हलत नाही.

माझी पाळी आली. सांगितलं, नवऱ्याने सोडलं, दुसरी केली. सगळे चांगलंच वागले. आबा म्हणाले, जिता हाय न्हवं पोरी, यील की कवातरी शुद्धीवर. झालं, पाच मिनिटांत माझं दुःख संपलं. माझ्या शेजारी कॅरेट नव्हतं.

परतताना खिडकीशी बसून विचार करत होते. तिचा नवरा मेला म्हणून तिचाच राहिला. माझा जिवंत आहे म्हणून दुसरीचा झाला. हे लिहायला लाज वाटते, पण खरं ते खरं.

२३ नोव्हेंबर, रविवार

कुशाबाईंनी खरवस आणला होता. वैष्णवीसाठी. आम्हाला वाटीत एकेक वडी आणि तिला अख्खा डबा. वर म्हणतात, लेकरू वाळून चाललंय. मीही सहा किलो उतरलेय हो! पण माझं वाळणं कोणाच्या डोळ्यात भरत नाही, कारण शेजारी कप नाही.

आज ती रामबद्दल तासभर बोलली. शेवटच्या दिवशी त्याने पाणी मागितलं आणि डॉक्टर देऊ नका म्हणाले. सगळी शेड रडली. मीही रडले, पण माझं रडणं रागाचं होतं. माझं जळतं. आतून अक्षरशः जळतं.

३० नोव्हेंबर, रविवार

आज मी एक काम केलं. वहीशी तरी खोटं बोलायचं नाही.

माधवीताईंनी विचारलं, सुप्रिया, गेल्या दोन वेळी काहीतरी गिळून टाकलंत का? मी वैष्णवीकडे पाहिलं. ती कपाची कड पुसत होती. आणि माझ्या तोंडून निघालं, मला मुलगी होती.

पुढचं आपोआप येत गेलं. नाव संजीवनी, आम्ही संजू म्हणायचो. हे नाव मी लग्नानंतर मनात ठेवलेलं, वापरायची वेळ आली नाही. सहा वर्षांची. मी कालव्याच्या पाटावर कपडे धुताना तिचा पाय घसरला. तिने वर पाहिलं आणि म्हणाली, आई, हात दे. मी उजवा हात पुढे केला, आणि मागे घेतला. आपणही ओढले जाऊ अशी भीती वाटली.

हे हात मागे घेण्याचं कुठून सुचलं कोण जाणे. नुसतं बुडणं मला रामच्या पाण्यापुढे कमी वाटलं असेल.

मग कुशाबाई उठल्या, वैष्णवीला सोडून माझ्याकडे आल्या आणि मला पोटाशी धरलं. आबांनी स्वतः कॅरेट आणलं, लहानसं, निळं. ल्हान पोरगी, तिला चहा नगं, म्हणून कपात दूध ओतलं.

मला मुलगी नाही. कधीच नव्हती. तरी येताना एसटीत मी सुखाने रडत होते.

७ डिसेंबर, रविवार

उठताना कप उचलले. बनाबाईंचा भरलेला, साय धरलेला. कुशाबाईंच्या मुलाचा भरलेला. रामचा भरलेला. संजूचा रिकामा. तळाशी दुधाचा एक थेंब.

आबा म्हणाले मांजर असंल. पण आम्ही गोलातच बसलो होतो, मांजर कुठून येणार? कुशाबाईंनी रिकाम्या कपाला हात जोडले. वैष्णवीचा चेहरा पांढराफटक पडला. ती एकटक माझ्याकडे बघत होती आणि ती नजर मी ओळखली. गेले तीन आठवडे मी तिच्याकडे तशीच बघत होते.

भीती वाटायला हवी होती. वाटली थोडी. पण त्याहून जास्त गुदगुल्या झाल्या.

१० डिसेंबर, बुधवार

द्वारकाबाई रागावल्या. मुलगी हाय हे आधी सांगायला काय झालं होतं, मी काय खोली दिली नसती व्हय? दुपारी जिन्यात बसली होती म्हणे. ओल्या फ्रॉकवर. पुसून घ्या तिला, थंडीचे दिस हायत.

मी म्हटलं शेजारची असेल. त्या म्हणाल्या, तुमच्यावाणीच नाक हाय की.

जिना पाहिला. तिसऱ्या पायरीवर ओल होती. द्वारकाबाईंनीच पुसली असेल फरशी.

१४ डिसेंबर, रविवार

जाताना एसटीत कंडक्टरने दोन तिकिटं फाडली. एक तुमचं, एक पोरीचं, आता पाचाच्या वर दिसतीया. मी शेजारच्या सीटकडे पाहिलं. सीट रिकामी होती, रेक्झिन ओलं होतं. तिकीट मुकाट्याने घेतलं. ते याच पानाला चिकटवलंय.

शेडमध्ये कप पुन्हा रिकामा. वैष्णवीने बाहेर नळापाशी माझे पाय धरले. काय करता ताई तुमी, मला सांगा. माझ्या रामनं एकदाबी घोट घेतला न्हाय. रोज बोलावते मी त्याला. तुमची कशी येती?

तिला उठवताना माझ्या मनात आलं ते लिहिते. मनात आलं, आता कसं वाटतं?

१८ डिसेंबर, गुरुवार

हात ओला राहतो. उजवा. पुसला की दोन मिनिटांत परत गार, ओला, बोटांच्या मध्ये चिकट गाळासारखं काहीतरी. हातमोजा घातला तर आतून भिजतो.

तेच आजोबा आले होते. सुई लावली आणि त्यांनी हात काढून घेतला. म्हणाले, बाई, दुसऱ्या कुणाला तरी बोलवा. तुमचा हात जड झालाय.

जिन्यावर पावलं— लहान. एकेक पायरी, दोन्ही पाय ठेवून. मुलं चढतात तशी.

२१ डिसेंबर, रविवार

सगळं सांगून टाकलं. उभं राहून. मी खोटं बोलले, मला मुलगी नाही, मूल झालंच नाही, वैष्णवीचा हेवा वाटला म्हणून बोलले.

कोणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. माधवीताई मऊ आवाजात म्हणाल्या, असा दिवस प्रत्येकाचा येतो, झालंच नाही असं वाटतं, घाबरू नका. आबांनी मान हलवली, बनाच्या वक्ताला मीबी असंच म्हणत हुतो. मी कागद दाखवीन म्हटलं, डॉक्टरांचे, कोर्टाचे. कुशाबाईंनी माझ्या तोंडावर हात ठेवला. पोटच्या पोरीला न्हाय म्हणू नगं, ऐकतीया ती.

निळ्या कॅरेटवरून पाणी गळत होतं. थेंब थेंब. सगळ्यांनी पाहिलं आणि सगळ्यांनी हात जोडले.

२४ डिसेंबर

कामावर गेले नाही. ती आता दिसते. समोर नाही, कडेला. मान वळवली की नसते. नाक खरंच माझं आहे—

एकच म्हणते. हात दे.

२८ डिसेंबर, रविवार

नीट लिहायला हवं. हे माझ्याच हातून झालं.

वैष्णवीने आज रामच्या कपात चहा नव्हता ओतला. दूध ओतलं होतं. आणि कोरा फ्रॉक आणला होता, पिवळा. म्हणाली, ताई, तुमाला नको असंल तर मला द्या तिला. मी संबाळते. माझं तरी कोण हाय?

मी म्हटलं, ने.

आणि संजू तिच्याकडे गेली! खरंच गेली. निळं कॅरेट कोरडं पडलं. रामच्या कपातलं दूध हळूहळू खाली गेलं. माझा उजवा हात कोरडा झाला, दहा दिवसांत पहिल्यांदा. बोटं हलवून पाहिली. गरम होती. मी सुटले होते. आता उठायचं, बस पकडायची, श्रीरामपूरला जायचं, एवढंच बाकी होतं.

तेवढ्यात वैष्णवी हसली. दीड महिन्यात मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. हवेत, मुलाच्या उंचीवर, ती बोटांनी केस विंचरत होती आणि हसत होती. कुशाबाई तिच्याकडे सरकल्या. आबा, माधवीताई, सगळे तिच्याकडे. माझ्याकडे पाठ.

अजित असाच गेला होता. त्या बाईच्या दारात असाच हसत उभा होता.

जे आहे ते सगळं दुसरीचंच का? नाक माझं, नाव मी ठेवलेलं, पाटाची गोष्ट माझी. मी ओरडले, संजू, इकडे ये, माझी आहेस तू.

रामचा कप फुटला. वैष्णवी रिकामे हात बघत राहिली.

माझ्या हातात गार बोटं आली.

२९ डिसेंबर, सोमवार. दुपार

दार बंद आहे. ती आत आहे. शेजारीच. आता मान वळवली तरी असते.

द्वारकाबाईंनी खालून विचारलं, मुलीला घेऊन कालव्यावर निघालात का, चपला काढून ठेवल्यात म्हणून म्हटलं. मी नाही ठेवल्या. दोन जोड आहेत म्हणे—

वैष्णवीला फोन केला. ये, घेऊन जा, पाया पडते. ती म्हणाली, आता न्हाय येणार ती. तुमी हाक मारली न्हवं.

हात दे म्हणते.

डावा दिला. तो नको. त्या दिवशीचा हवा. मागे घेतला होता तो.

तिला म्हटलं, थांब बाळा, या हाताने आई लिहितेय, एवढी ओळ पुरी होऊ दे, मग