ताईच्या दाराचा उंबरा

आबा, आमचं घर उभं राहिलं. डिंभे धरणाच्या बाजूला, तोंड पश्चिमेला. तिकडूनच पाऊस आडवा येतो हे तुम्हाला काय सांगायचं, जन्मभर त्याच पट्ट्यात लोकांची दारं बसवलीत तुम्ही. गवंडी म्हणतो, "बाई, ग्रॅनाईटचा उंबरा टाका. भायेरच्या अंगाला उतार काढतो, दाराला खालून रबरी पट्टी मारू. थेंब आत येणार न्हाई." मंचरच्या दुकानात त्याने मला तीन दगड दाखवले. मी तिन्हींवरून हात फिरवला आणि म्हणाले, मला सागवानीच पाहिजे, माझ्या ताईच्या दाराला आहे तसा. लाकूड फुगतं, हे त्याने मला दोनदा समजावलं. मी ऐकलं नाही.

ताईचं मंचरचं घर झालं तेव्हा मी कॉलेजात होते, सुट्टीला आले होते. सागाचा एक तुकडा तुम्ही कितीतरी वर्षं माळ्यावर जपून ठेवला होता. मी विचारलं की म्हणायचात, "हाय एका कामाचा." तो कुणाच्या कामाचा, ते मला त्या दिवशी कळलं. तुम्ही तिच्या दारात उकिडवे बसलाय, रंध्याच्या चिपा नव्या फरशीवर पसरल्यात, ताई शेजारी बसून तुमच्याशी गप्पा मारतेय. उंबऱ्याच्या खालच्या अंगाला तुम्ही बारीक खाच मारताय, पाण्याची धार तिथंच तुटावी म्हणून. मग उतार बघायला पाणसळ ठेवता, परत उचलता, डोळ्याशी नेऊन कितीतरी वेळ बघता. माझ्या मनात आलं, तिचं घर म्हणून एवढ्या निगुतीनं चाललंय. मी विचारलं, "माझ्या घराला पण असाच कराल ना?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "तुजं घर तर होऊ दे आदी. मग बघू."

दोन वर्षांत तुम्ही गेलात. माझं लग्नही तेव्हा व्हायचं होतं. त्यानंतर दर सणाला ताईकडे जाताना तो उंबरा मला ओलांडावा लागायचा. ती सकाळी त्याला हळदीकुंकू लावायची, तेव्हा मी मुद्दाम स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायचे. तिच्या सोन्याचा, तिच्या घराचा मला कधी हेवा वाटला नाही. त्या लाकडाचा मात्र वाटला, लई वाटला.

गेल्या आठवड्यात मी टेप घेऊन माप काढायला गेले. दुसरं टोक धरता धरता ताई म्हणाली, "असा नको गं करू. पाणी येतंय ह्याच्यावरनं."

"कधीपासून?"

"पयल्या पावसापासनं. उतार आतल्या अंगाला झालाय. आबांना पाणसळीतला बुडबुडा दिसत नव्हता. मोतीबिंदू व्हता दोनी डोळ्यांत. मला ठाऊक व्हतं, पण त्यांचं शेवटचं काम, कसं बोलायचं? पावसाळाभर मी गोणपाट लावते. ते येणार असले की आदी उचलून ठेवायची."

माझा विश्वास बसेना. पावसाळ्यातल्या सणांना दारात दिसायचं ते गोणपाट मी पाय पुसायचं समजत होते. तिने तांब्याभर पाणी उंबऱ्यावर ओतून दाखवलं. आबा, तुम्ही तो बसवत होतात त्या वेळी मीही तुमच्यापासून चार पावलांवरच उभी होते. तुम्ही कुणासाठी राबताय तेवढंच मी बघत राहिले, तुमचे डोळे बघितलेच नाहीत. ते ताईने बघितले. तुमची एवढी मोठी चूक तिने एकटीने सांभाळली, तुम्हाला कळूही दिली नाही, याचाही मला हेवा वाटला. तिच्या जागी मी असते तर पहिल्याच पावसात तुम्हाला बोलावून दाखवलं असतं.

मी ग्रॅनाईट सांगितला आहे, काळा. हा कागद ताईच्या हाती लागू नये म्हणून पुस्तकांच्या ट्रंकेत ठेवून देणार आहे. तिच्यासमोर मी "अगं बाई, इतकी वर्षं?" असं म्हणाले, चेहराही तसाच केला. पण पाणी आत येऊन तिच्या फरशीवर पसरत गेलं ना, तेव्हा मला बरं वाटलं, आबा.