चिरुटाला पाणी

शनिवार, १० फेब्रुवारी १९७३

पुन्हा बुरशी! काल पुसली, आज परत हजर. पांढरी, पिठासारखी. आता उद्या मिरजेला जाऊन ह्यांना काय सांगू?

माझंच डोकं फिरलं होतं. माहेर बेडगचं, पानमळ्यातलं. पान कसं टिकवायचं ते मला झोपेतून उठवून विचारा — ओल्या फडक्यात गुंडाळायचं, वर पाणी शिंपडायचं, रोज परतायचं, नासकं काढून टाकायचं. मला वाटलं, चिरूट तरी काय? गुंडाळलेलं पानच की! ह्यांना पेन्शन लागली तेव्हा कर्नलसाहेबांनी दिलेली ती लाकडी पेटी. ह्यांचा सगळा जीव तिच्यात. एरवी दिवसभर विड्या, पण दिवाळी-दसऱ्याला पेटीतला एक काढायचे आणि ओसरीवर बसून तासभर ओढायचे. दवाखान्यात निघताना एवढंच म्हणाले, "पेटी वाळू देऊ नको." म्हणून नागवेलीच्या पानांसारखे सगळे चिरूट ओल्या फडक्यात लपेटले, वर शिंपडलं. झालं! बुरशी.

रविवार, ११ फेब्रुवारी

मिरजेला जाऊन आले. एस.टी.त पाय ठेवायला जागा नव्हती. विट्यापर्यंत उभीच. दवाखान्यात शिरले तर कॉटवरून पहिला प्रश्न — "पेटी कशी हाय?" मुलींचं नाव नाही, आईचं नाही, माझं तर नाहीच. पेटी!

बुरशीचं सांगितलं. वाटलं आता भडकणार. तर चक्क उठून बसले! "अगं, शिंपडायचं न्हाई. फडकं पार पिळून घ्यायचं, बशीत ठेवायचं, बशी पेटीत एका कोपऱ्याला. सिगारला टेकवायचं न्हाई. हाताला गार लागलं पायजे, ओलं न्हाई." गार आणि ओलं यात फरक काय ते मला काही कळेना. "कानाशी धरून दाबून बघ. कुरकुरली की वाळली म्हनून समज. गप बसली की बरी." रंगरूटाला शिकवावं तसं शिकवत होते. नर्सबाई ओरडली, बोलू नका म्हणून. बोलताना छातीत कळ येते ना. पण आज भाकरी खाल्ली. नर्सबाईलाही नवल वाटलं.

निघताना डॉक्टर भेटले. म्हणाले, घरी गेल्यावर विडीकाडी बंद, एक झुरकासुद्धा नाही, फुफ्फुसाची चाळण झालीय. मी मान हलवली.

मग पेटी जपायची कशाला? जपली तर घरी येऊन ओढणार आणि मरणार. नाही जपली तर मग भाकरी कशाच्या जोरावर खाणार? एस.टी.त हेच डोक्यात फिरत होतं.

मंगळवार, २० फेब्रुवारी

आटपाडीची हवा! सकाळी पिळून ठेवलेलं फडकं दुपारी पापड. पुन्हा ओलं करावं लागतं. बुरशी गेली, तर आता एक चिरूट चिरला. जास्त झालं की बुरशी, कमी झालं की भेग. मधलं काय ते कुणाला ठाऊक!

सासूबाईंनी पाहिलं. "अंजने, मानसास्नी प्यायला पानी न्हाई, आन् तू चिरुटाला पाजतीस? येड लागलंय का तुला?" मी म्हटलं, आत्या, तुमच्याच लेकानं सांगितलंय. "त्येला काय कळतंय? त्येच्या छातीत भोक पडलंय ह्याच धुरानं!" खरं आहे.

शनिवार, २४ फेब्रुवारी

टँकरच्या रांगेत रंगूबाई मोठ्यानं म्हणाली, "आवं, सुभेदारीणबाईस्नी आदी भरू द्या. त्यांचा चिरूट तान्हेला हाय!" सगळ्या बाया हसल्या. मीही हसले. घरी आल्यावर हंडा आदळला आणि थोडं पाणी सांडलं, म्हणून आणखी रडू आलं.

रविवार, ४ मार्च

आज ठरवूनच गेले. म्हटलं, सोक्षमोक्ष लावायचा. ह्यांनी विचारल्याबरोबर सांगून टाकलं — "वाळले सगळे. चुरा झाला."

ओरडले असते तर बरं झालं असतं. "बरं" म्हणाले. भिंतीकडे तोंड केलं. भाकरी तशीच राहिली. चहावर साय धरली. मी निघाले तेव्हा पाठमोरेच म्हणाले, "चुरा टाकू नको. साह्यबानं सवताच्या हातानं दिल्यात."

सोमवार, ५ मार्च

फडकं ओलं केलं. खड्ड्यात गेला डॉक्टर! — देवा, हे काय लिहितेय मी.

रविवार, ११ मार्च

सांगितलं की सगळे नाही वाळले, चांगले निघालेत बरेच. अहो, किती हसले! हसताना खोकला, खोकल्यावर पुन्हा हसू. भाकरी खाल्ली, वर दूधही घेतलं. "घरी आलो की पयली आंघोळ, मग ओसरीवर खुर्ची, आन् मग…" मी म्हटलं, डॉक्टर नको म्हणालेत. "डाक्टर कवा लढाईवर गेलावता का?"

याला काय म्हणायचं? ज्याच्यानं हा माणूस मरणार, त्याच्याच आशेवर जगतोय. आणि ते दोन्ही माझ्या हातात, एका फडक्यात! आमच्या माहेरी म्हणतात, धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. तसं झालंय माझं. रागही येतो ह्यांचा. मीही रोज भाकरी करते, मलाही काही आशा आहेत, ते कुणी विचारत नाही.

सोमवार, २६ मार्च

टँकर आलाच नाही. विहिरीत नुसता गाळ. धाकटीला ताप, ती पाणी-पाणी करतेय आणि मी उभी आहे फडकं हातात घेऊन! स्वतःचीच लाज वाटली. बशीतलं फडकं काढून चुलीमागे फेकलं. संपलं. आजपासून चिरुटाला पाणी नाही. वाळू देत. वाळले की ओढायचा प्रश्नच मिटला. रविवारी विचारलं तर सांगेन, छान आहेत.

हलकं वाटतंय. खरंच वाटतंय का? माहीत नाही.

रविवार, १ एप्रिल

आज ज्ञानू भावजी बरोबर होते. ह्यांचे धाकटे भाऊ. ते असले की मला धीर येतो. ह्यांना सांगितलं, "छान आहेत. गार लागतात हाताला." तोंडावर खोटं बोलले, बिनधास्त. हे खूश.

डॉक्टरांनी भावजींना व्हरांड्यात नेलं. बराच वेळ बोलत होते. भावजी आले आणि म्हणाले, "वैनी, घरी न्यायला सांगितलंय. येत्या रविवारी." मी तर ओरडलेच! शेजारच्या कॉटवरचा म्हातारा दचकून उठला. विचारलं, "बरे झाले म्हणून सोडतात ना?" भावजी म्हणाले, "व्हय वैनी," आणि चहा प्यायला निघून गेले. परतताना एस.टी.त गप्पच होते. त्यांना गाडी लागते.

हे येणार! देवा, हे घरी येणार!

आणि आले की पेटी उघडणार. आत काय, वाळका पाला! खोटं पकडलं जाणार. पण ओढणार तर नाहीत. मग मला आनंद व्हायला हवा की भीती वाटायला हवी? दोन्ही एकदम येतंय. आल्यापासून भांडी घासतेय आणि तीच तीच परत घासतेय. पाणी नाही, राखेनंच.

गुरुवार, ५ एप्रिल

काल पाडवा झाला. आज धीर करून पेटी उघडली. किती तडकलेत ते बघावं म्हटलं. एक घेतला, कानाशी धरला, दाबला.

गप्प!

दुसरा दाबला. तोही गप्प. मऊ. बुरशीचा ठिपका नाही. बशी रिकामीच. मी तर पाण्याचा थेंब दाखवला नाही इतके दिवस! अंगणातली माती फाटलीय, दाराची फळी तडकलीय, माझ्या टाचा उलल्यात, आणि हे चिरूट मात्र जसेच्या तसे?

मुलींना विचारलं. त्यांनी हातही लावला नाही म्हणे. सासूबाईंना विचारलं. "मला काय ठावं तुजी थेरं!" म्हणून सूप घेऊन बाहेर गेल्या. मी पेटी पुन्हा उघडली, पुन्हा बंद केली. लाकडातच काही असेल? की मला आता कुरकुर ऐकूच येत नाही? मग आता काय करायचं — उन्हात टाकू? रविवार तीन दिवसांवर आला. टाकू की नको? दोनदा उचलली, दोनदा खाली ठेवली.

शनिवार, ७ एप्रिल

टँकर लवकर आला म्हणून लवकर परतले. माजघरात सासूबाई पेटीपुढं बसल्या होत्या. प्यायच्या तांब्यातलं पाणी फडक्यावर घेऊन पिळत होत्या. मला बघून थांबल्या नाहीत. "तू पान्याला गेलीस की रोज ठिवते, यायच्या आत काढते. ज्ञानूनं सांगितलंय मला. आता काय इलाज न्हाई म्हनलाय डाक्टर, म्हनून घरी लावून देत्यात. तुला सांगू नको म्हनलावता त्यो." मग म्हणाल्या, "ओढू दे माज्या लेकाला."

घरात काडेपेटी नाही. दुकान उघडं असेल तर आणून ठेवते.