अर्धा खेळ तुझ्या चेंडूनं

नंदुरबार,
आश्विन शुद्ध अष्टमी, शके १८५२

प्रिय दाऊद,

चार वर्षांत माझी सहा पत्रं सुरतेला गेली आणि उत्तर एकाचंही आलं नाही, म्हणून हे सातवं. आमचे पोस्टमास्तर म्हणतात, पत्ता बरोबर आहे, माणूसच रागावलेला दिसतो. मला तर तू दिसतोसच. फरजाना पत्र वाचते आहे, आणि तू खोगिरात सुई अडकवून, ऐकत नसल्याचा आव आणून, अक्षरन् अक्षर ऐकतो आहेस. पोरीला चौथीपर्यंत मीच शिकवलं, तेव्हा उच्चारांची मला काळजी नाही. फरजाना बेटी, अब्बा उठायला लागले तर दाराला कडी घाल. मागच्या सहा पत्रांत मी पाऊसपाणी लिहिलं, शाळेची कौलं लिहिली, लोटनला मुलगा झाला तेही लिहिलं. लिहायचं होतं ते तेवढं राहिलं.

झालं असं की, चिंचपाड्याकडच्या मिशनमधले एक गोरे साहेब परवा शाळेत आले होते. त्यांच्या देशाहून वर्तमानपत्रांचा गठ्ठा येतो, दोन-दोन महिने शिळा. त्यातली एक बातमी त्यांनी आम्हां मास्तरांना त्यांच्या भाषेतून मोडक्या मराठीत सांगितली. तासाभराचं काम होतं, पण दिवे लागेपर्यंत कोणी उठलं नाही. यंदाच्या आषाढात दुनियेतल्या देशांचा फुटबॉलचा सामना झाला, दाऊद. गावागावांचा नव्हे, पलटणींचा नव्हे, देशादेशांचा! उरुग्वे नावाचा एक देश आहे. आमच्या छगनराव मास्तरांनी भूगोलाचा गोल आणला, तर गोलाला नेमका तिथंच पोचा. पोचा पडलेल्या त्या एवढ्याशा देशानं साऱ्या जगाला आवतण धाडलं, की या, आमच्या घटनेला शंभर वर्षं झाली, आपण खेळू या.

आणि लोक गेले रे! तेरा देश खेळले. तीन देशांचे गडी एकाच जहाजात बसून पंधरा दिवस समुद्रावर होते. पायांना गंज चढू नये म्हणून डेकवर धावायचे. खाली अथांग पाणी, वर आभाळ, आणि मध्ये ही माणसं एका चेंडूसाठी पळताहेत. आमच्या पुराणांत समुद्र ओलांडणारे पुष्कळ आहेत, पण प्रत्येकाला काहीतरी परत आणायचं होतं, कोणाला मारायचं होतं. नुसतं खेळायला गेलेला मला एकही आठवेना. मिसर देशाचे गडीही निघाले होते. वाटेत वादळ लागलं, पुढचं जहाज सुटून गेलं. बिचाऱ्यांनी तार केली, की येऊ शकत नाही, क्षमा असावी. ती तार ऐकताना माझे डोळे का भरले, हे छगनरावांनी विचारलं. मी दिव्याच्या धुरावर ढकललं.

शेवटचा सामना उरुग्वे आणि त्याचा शेजारी अर्जेंटिना यांच्यात. नंदुरबारसारखी पाच गावं भरतील एवढी माणसं, आणि आत सोडताना दारावर एकेकाचे खिसे चाचपत होते, कोणाजवळ पिस्तूल तर नाही म्हणून. पंच तिसऱ्याच देशाचा. त्यानं आधी वचन घेतलं म्हणे, की सामना संपताच मला बंदरावर सुखरूप पोचवा. हा पंच मला फार जवळचा वाटला. आता नीट ऐक. दोन्ही संघ मैदानात आले ते आपापला चेंडू घेऊन. हे म्हणतात आमच्या चेंडूनं खेळू, ते म्हणतात आमच्या. एवढं जग गोळा झालेलं, आणि भांडण कशावरून, तर कातड्याच्या गोळ्यावरून. पंचानं काय केलं असेल? दोन्ही चेंडू घेतले. नाणं उडवलं. अर्धा खेळ यांच्या चेंडूनं, अर्धा त्यांच्या. बस्स! पहिल्या अर्ध्यात अर्जेंटिनाचा चेंडू, तेव्हा ते दोन-एकनं पुढे. दुसऱ्यात उरुग्वेचा, तेव्हा उरुग्वेवाले चार-दोननं जिंकले. शेवटचा गोल करणाऱ्या गड्याला एक हात कोपरापासून नव्हता. साहेबांनी हे सांगितलं आणि मास्तर मंडळींनी टाळ्या पिटल्या. मी पिटल्या नाहीत. माझे दोन्ही हात शाबूत आहेत, आणि त्यांनी काय केलं ते मला आठवत होतं.

फरजानाला सगळं ठाऊक नसेल, म्हणून तिच्यासाठी सांगतो. ऐक, बेटी. सहा वर्षांमागे कळसाडीच्या हिंमतराव पाटलांनी फुटबॉलच्या सामन्याला चांदीचा पेला लावला होता. एकीकडे आमची शाळा, दुसरीकडे बाजारातली पोरं, त्यांचा म्होरक्या तुझा भाऊ शब्बीर. पंच मी, कारण नियमांचं पुस्तक गावात माझ्याकडेच होतं. मी त्याची संस्कृतात सूत्रं करून शाळेच्या पोरांकडून घोकून घेतली होती. ती पोरं सूत्र म्हणायची तोवर समोरचा गडी चेंडू घेऊन पसार व्हायचा. शाळेनं मुंबईच्या दुकानातून विलायती चेंडू मागवला होता. तुझ्या अब्बांनी बाजारवाल्यांसाठी आपल्या हातानं चेंडू शिवला, विहिरीच्या मोटेला लावतात त्याच कातड्याचा. आतला रबरी फुगा तेवढा विकतचा. दोन चेंडू, एक मैदान. अगदी तसंच. आणि मी म्हणालो, दाऊदच्या चेंडूचं वजन नियमापेक्षा जास्त आहे, चालणार नाही.

मग गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "दाऊदभाई, हाऊ चेंडू शे का मोट शे? बैल जुपा ना आते!" सगळं मैदान हसलं. शाळा जिंकली. ते हसू तिथंच थांबलं असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं. पण ज्याचा चेंडू मापात नाही त्याची मोट काय मापात असणार, असं धानोऱ्यापर्यंत लोक बोलू लागले. दाऊद, दोन मोसम तुझ्याकडे कोणी मोट शिवायला टाकली नाही, आणि तिसऱ्याच्या आधी तू बिऱ्हाड आवरून सुरतेची गाडी धरलीस. मी स्टेशनवर आलो होतो. खांबाआड उभा होतो. ते तुला माहीत नाही.

फरजाना, आता पुढचं मोठ्यानं वाच. मी तो चेंडू तोललाच नव्हता. तराजू पन्नास पावलांवर होता. तुझ्या अब्बांनी दोन्ही हातांनी चेंडू माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "पंडित, हातमा लई तं देख." माझ्यामागे खुर्च्यांवर शाळेची प्रतिष्ठित मंडळी बसली होती, त्यांत माझे सासरे. चेंडूला बाभळीच्या सालीचा, ओल्या कातड्याचा वास येत होता. ते जनावर कोणाच्या गोठ्यातलं, हेही मला ठाऊक होतं. मी हात पाठीमागे बांधले आणि वजनाचं कारण काढलं. विलायती चेंडू मात्र मी स्टेशनापासून काखेत मारून आणला होता. दुकानाच्या कागदात गुंडाळलेलं कातडं मला कातडं वाटलंच नाही. ज्याच्या मोटेच्या पाण्यावर पिकलेले गहू मी जन्मभर खाल्ले, त्याच्या हातचं तेवढं वाटलं. हल्ली मी खादी घालतो आणि विलायती कापडाच्या होळीपुढे भाषण करतो. हसू आलं तर हस. मीही हसून पाहिलं, जमलं नाही.

हे पत्र एवढ्यासाठी, की दिवाळीनंतरच्या रविवारी तोच सामना पुन्हा ठेवला आहे. हिंमतराव आधी चिडले, मग जगाच्या सामन्याची हकिकत ऐकून हो म्हणाले. अर्धा खेळ शाळेच्या चेंडूनं, अर्धा तुझ्या. खेळ सुरू होण्याआधी मी मैदानात उभा राहून, आत्ता फरजानानं वाचलं ते सगळं बोलणार आहे. सासरे अजून आहेत आणि खुर्चीवर असतील. तू आलास तरी बोलेन, न आलास तरी बोलेन. फक्त व्यापाऱ्यांच्या तोंडून सुरतेला पोचण्याआधी ते तुला माझ्याकडून कळावं. झिपरू वाण्याचा तराजू मैदानात येणार आहे. पुस्तकाप्रमाणे साडेछत्तीस तोळ्यांच्या आत भरायला हवं. तो चेंडू ठेवला असशील तर घेऊन ये, म्हणजे सगळ्यांसमोर मी तो माझ्या हातांनी पारड्यात ठेवीन. नसला तर नुसता ये. वजन काय भरेल ते मला आजही ठाऊक नाही, दाऊद. तुला तेव्हाही ठाऊक होतं.

तुझाच, हात पुढे करून उभा असलेला,
धुंडिराज