तुळशीकडून वळवलेला पाइप

१६ मार्च
आज पहाटे सुमन उठायच्या आत सगळं घर ओल्या फडक्यानं पुसून काढलं. गुडघे भरून आले. झाडूला हात लावला नाही. काल तिनं लावला होता, तर निम्म्या खोलीतच भिंतीला टेकून बसली. श्वास घेताना छातीत शिट्टी वाजते. डॉ. म्हणाले, दम्याचा पंप चालू ठेवा, पण घरात धूळ उडत राहिली तर औषध पुरं पडणार नाही. एखाद्या वेळी जोरात दम लागला तर...  

तिला म्हटलं, नव्या घरात झाडू नसेल. म्हणे, "मग लक्ष्मीपूजनाला पुजायचं काय, तुमचं डोकं?"

२१ मार्च
मनीषा सासरहून आली. आईचं ऐकून म्हणाली, "नाना, साधा व्हॅक्यूम नका आणू. एकीकडून ओढतो अन् मागून तीच हवा खोलीत सोडतो." मागच्या वर्षी आणलेल्याचं तेच झालं होतं. तिनं मोबाइलवर दाखवलं: यंत्र एका कोपऱ्यात, भिंतींतून पाइप, प्रत्येक खोलीत एक तोंड. नळी लावली की केर परस्पर खोलीबाहेर. नव्या घराला अजून प्लास्टर नाही. पाइप टाकायचे तर आत्ताच. नंतर भिंती फोडाव्या लागतील.

२७ मार्च
कंपनीचा माणूस येऊन गेला. दोन प्रकार सांगितले. एकात बारीक धूळसुद्धा पिशवीत अडकते, पिशवी काही महिन्यांनी बदलायची. दुसऱ्यात जाड केर डब्यात, बारीक धूळ हवेबरोबर भिंतीबाहेर. त्याचा ओढा पहिल्याकडे.

सु.: "महिनोन्‌महिन्यांचा केर पिशवीत भरून घरात ठेवायचा? आमच्याकडं दिवेलागणीच्या आत उंबऱ्याबाहेर जातो, साहेब."

तो हसला. मला मात्र तिचं पटलं. घाण घराबाहेरच गेली पाहिजे. दुसरा घेतला. जाताना तो म्हणाला, "काका, बाहेरचं तोंड कुठं काढताय ते नीट बघा."

४ एप्रिल
फिटरनं पूर्वेच्या भिंतीला भोक पाडलं. बरोबर समोर तुळशीचा ओटा. माझ्या आईनं लावलेली तुळस जुन्या घरून तिथंच आणायची आहे. अख्ख्या घराचा केर तुळशीच्या अंगावर? काम थांबवलं. पाइप दक्षिणेला वळव म्हणालो.

"तिकडं बेडरूमची खिडकी हे ना, भाऊ."

खिडकी वर, तोंड खाली, काय होतंय, म्हटलं. पूर्वेचं भोक विटेच्या तुकड्यांनी बुजवलं. संध्याकाळी जपाला मन लागलं. बरं केलं असं वाटलं.

८ जून
वास्तुशांत पार पडली. तुळस ओट्यावर छान दिसते. आज सु. नं पहिल्यांदा नळी लावली. भिंतीच्या आत लांबवर काहीतरी घुमायला लागलं. घरच श्वास ओढतंय की काय. सु. खूश. "बघा, कणसुद्धा उडाला नाय!" बंद केल्यावर पाइपात थोडा वेळ शिट्टी राहते. ओळखीची वाटली. कुठं ऐकली ते तिला बोललो नाही.

२० जुलै
झड लागून राहिली आहे. सु. बरी. पंप दोनदा विसरली म्हणजे बरीच असणार. देवाची कृपा.

१९ सप्टेंबर
उघडीप झाली आणि खोकला परत आला. सकाळचाच. घरभर नळी फिरवून झाली की ती बेडरूमच्या खिडकीपाशी हार ओवायला बसते, तिथं सुरू होतो. खिडकी लावली तर म्हणते जीव कोंडतो. डॉ. नी विचारलं, घरात धूळ आहे का? नाही म्हटलं. फरशीत तोंड दिसतं.

मग कशानं?

३ ऑक्टोबर
दसऱ्याच्या झेंडूची विक्री संपली, आज घरी होतो. खिडकीची पट्टी पुसली. बोटाला पिठासारखं काही. कालच पुसली होती. सु. आत यंत्र चालवत होती. मी बाहेरून दक्षिणेच्या बोळात गेलो. कोवळं ऊन होतं म्हणून दिसलं. भिंतीतल्या तोंडातून करडा धूर निघावा तशी बारीक धूळ वर चढत होती आणि आमच्याच खिडकीत शिरत होती.

उभाच राहिलो. तुळशीवरून चुकवलं ते मी कुणाच्या छातीत...

४ ऑक्टोबर
तिला सांगितलं. रागावली नाही. "तुळशीला लागलं नाय ना? मग बास." त्यापेक्षा रागावली असती तर बरं.

यंत्र बंद. पुन्हा ओलं फडकं. फिटर म्हणतो, या यंत्राला बारीक गाळणी बसत नाही. पश्चिमेला शेजाऱ्याची भिंत, उत्तरेला दार. पूर्वेचं बुजवलेलं भोकच काय ते. म्हणजे तुळस हलवायची.

थोरल्या बहिणीला, अक्काला फोन केला. "बाळू, लग्न तोंडावर आलं अन् नवरी मांडवातून उठवतोस? तुळशीचं लग्न लागू दे, मग काय करायचं ते कर." सु. चंही तेच. थांबतो.

१५ ऑक्टोबर
फुलांचे क्रेट मार्केटला टाकून परत आलो तर भिंतीत घुमत होतं. धावलो. सु. दिवाळीची झाडलोट काढून बसली होती. आधी खिडकी लावली, मग जीव कोंडला म्हणून उघडली. ओठ निळसर. पंप हातात, पण दाबायला बोटात जोर नाही. दवाखान्यात वाफ दिली, ऑक्सिजन लावला. डॉ. मला बाजूला घेऊन म्हणाले, "पुढच्या खेपेला एवढा वेळ मिळेलच असं नाही."

येताना गाडीत ही म्हणते, "लग्नाला बायका येतील. कोपऱ्यात जळमटं दिसली तर नाव माझं निघंल, तुमचं नाय."

१६ ऑक्टोबर
तुळशीपुढं दिवा लावून बसलो. आईची आठवण. हलवू का, विचारलं. वारा नव्हता तरी ज्योत हलत होती. यातून काय समजायचं?

अक्काचा फोन घेतला नाही.

१७ ऑक्टोबर, वसुबारस
सकाळी अंघोळ करून हात जोडले आणि ओट्यात कुदळ घातली. कुणाला विचारलं नाही. मुळं वाटली त्यापेक्षा खोल होती. काही तुटली. आवाज आला. मातीसकट उचलून दारासमोर उत्तरेच्या कोपऱ्यात नेली. सु. पायरीवर उभी. तोंडाला पदर. अडवलं नाही. मग आत जाऊन तांब्या भरून आणला.

"खोल लावा. मुळं उघडी ठेवू नका."

फिटरनं पूर्वेचं भोक मोकळं केलं, पाइप तिकडं नेला, दक्षिणेचं तोंड सिमेंटनं बंद. दिवेलागणीच्या आधी यंत्र मीच चालवलं. धूळ रिकाम्या ओट्यावर पडली. खिडकीच्या पट्टीवर बोट फिरवलं. स्वच्छ.

तुळशीनं मान टाकली आहे. धरते की नाही, सांगता येत नाही.

यंत्र आत्ताच बंद केलं. सु. आत खिडकीपाशी हार ओवतेय. शिट्टी ऐकू येतेय. पाइपातली असेल. थोडा वेळ राहते ती. अजून आहे. उठून बघतो.