छोट्या मॅडमला वीसपैकी पाच

१८ नोव्हें., मंगळ.
भोसरीहून निघोज्याच्या शाळेत पोचायला आज दीड तास. चाकण चौकात कंटेनर आडवा. स्कूटीवर बसून कंबर गेली. शाळेत पाय ठेवतेय तोच मुख्याध्यापक सरांचा हुकूम, ऑनलाइन माहिती बाराच्या आत भरा. तिसरी-चौथी एकत्र, बेचाळीस पोरं आणि मी एकटी. नेहमीप्रमाणे खडू प्रणालीच्या हातात दिला आणि मोबाइल उघडला.
चौथीतली पोरगी, पण एकदा सांगितलं की येतं. कधी कधी सांगायच्या आधीच येतं. रिकामी बसली की बाक हलवते, शेजारणीला छळते, त्यापेक्षा हे बरं. फळ्यावर गणितं घालणं, वह्या तपासणं, बोलणाऱ्यांची नावं लिहिणं, सगळं तीच बघते. जूनपासून असंच चाललंय. तिला काम, मला श्वास.

२१ नोव्हें., शुक्र.
सरांनी प्रणालीचा शिकवतानाचा फोटो केंद्रातल्या सगळ्या शाळांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'छोटी शिक्षिका उपक्रम'. झालं! अंगठे, फुलं, टाळ्या. केंद्रप्रमुख ५ तारखेला बघायला येणार म्हणे. उपक्रम कसला डोंबलाचा, माझी सोय. पण तसं बोलले नाही. कौतुक कुणाला नको असतं?

२७ नोव्हें., गुरु.
गणिताची चाचणी. प्रणालीला वीसपैकी पाच! वर्गात सगळ्यात कमी. डोकंच फिरलं. सगळ्यांसमोर बोलले, "शेफारलीस ना?" मान खाली घातली, रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. केंद्रप्रमुख आठवड्यावर आलेत आणि ही अशी.

२८ नोव्हें., शुक्र.
तिच्या वडिलांना बोलावलं. परभणीकडचे, कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर. फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर युनिफॉर्मवरच आले. घरी काही झालंय का, विचारलं. "काहीच न्हाई मॅडम. रागावू नका बगा तिला. लेकरू शाळेत शिकवतंय म्हून आमी गावाकडं फोन करून सांगितलंय."
जाताना खिचडीवाल्या ताराकाकूंनी गाठलं. "मॅडम, ती पोरगी जेवाया एकलीच बसती. नावं लिवती म्हून बाकीची पोरं जवळ घेत न्हाईत." मला नाही दिसलं हे. मी जेवणाच्या सुट्टीत रजिस्टरं लिहीत असते.

२९ नोव्हें., शनि.
सकाळची शाळा. घरी येऊन पडले, झोप नाही. तिचा पेपर परत काढला.
'दोन हजार पाच' लिहिलंय २०००५. ही चूक स्वराची. वजाबाकीत वरचा आकडा लहान असला की खालच्यातूनच वरचा वजा. हे सार्थक करतो. भागाकारात शून्य खाल्लंय, ते समीरचं. एकेक चूक ओळखीची! इतके महिने वह्या तपासून कोण कुठे चुकतं ते तिला तोंडपाठ झालंय. माझ्यापेक्षा जास्त. मुद्दाम केलंय कार्टीने.
ह्यांना दाखवला. "हुशार आहे," म्हणाले आणि मॅच लावली.

१ डिसें., सोम.
सुट्टीत एकटीला घेऊन बसले. का गं असं केलंस?
"चुकलं की तुम्ही जवळ बसून सांगता. माझ्याजवळ कधीच बसत नाही."
"अगं, तुला सगळं येतं. तुला काय सांगू?"
"जे येत नाही ते."
लाज वाटली. खूप. एकोणीस वर्षं नोकरी झाली आणि हे मला नऊ वर्षांच्या पोरीने सांगावं. जूनपासून या पोरीला मी एक नवीन गोष्ट शिकवलेली नाही. शिकवली असेल तर आठवत नाही.

३ डिसें., बुध.
सहावीचं गणिताचं पुस्तक कपाटातून काढून तिला दिलं. शेजारी बसले. दहा मिनिटं झाली नाहीत तोवर तिसरीत मारामारी, मग सरांची हाक, तांदूळ मोजून द्या. परत आले तर बाई पाच पानं पुढे. उद्या हिला काय देऊ? मागे पडलेल्या पोरांसाठी ढीगभर प्रशिक्षणं केली. पुढे गेलेल्यांचं काय करायचं, कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. दमलेय.

५ डिसें., शुक्र.
केंद्रप्रमुख आले. मीच शिकवलं. "ती छोटी शिक्षिका कुठंय?" म्हटलं, "ती शिकतेय, साहेब." सरांचं तोंड एवढंसं. साहेब चहा पिऊन गेले, फोटो नाही. मग सर, "मॅडम, शाळेचं नाक कापलंत." कापलं तर कापलं.
शेवटच्या तासाला प्रणालीने हात वर केला. "मॅडम, हे समजलं नाही." शून्यातून पाच कसे जातात? ऋण संख्या. मला सोपं करून सांगता येईना. दोघी डोकं खाजवत बसलो. किती दिवसांनी मास्तरकी केल्यासारखं वाटलं.

८ डिसें., सोम.
प्रशिक्षणाचा आदेश. बुध. ते शुक्र. बदली शिक्षक मिळणार नाही. सर म्हणाले, "काळजी कसली? प्रणाली आहे की." राग आला. पण बेचाळीस पोरं मोकळी सोडायची कुणाच्या भरवशावर? सरांकडे आधीच सातवी.
वर्गात एवढंच सांगितलं, बुधवारपासून तीन दिवस मी नाही. प्रणालीचं नाव काढलं नाही. प्रणाली उठली, सहावीचं पुस्तक माझ्या टेबलावर आणून ठेवलं आणि खडू घेतला.
"परत आल्यावर द्याल ना?"
खडू काढून घेतला. पुस्तक तिच्या दप्तरात कोंबलं. "जागेवर बस," म्हटलं. बसली, पण पुस्तक काही उघडलं नाही. माझ्याकडेच बघत होती.
उद्या सरांशी बोलायला हवं. त्यांनी "मग वर्ग कोण बघणार?" विचारलं तर एवढंच सांगणार, प्रणाली नाही.