शिरीचं बसचं वेळापत्रक

येरुहाम (इस्राएल), रवि. ८ मे २००५
बारावीच्या कॉम्प्युटर प्रकल्पांचे गुण आले. शिरीला ६१. मी नव्वदच्या वर धरले होते. तिचा प्रकल्प बीरशेव्याला जाणाऱ्या-येणाऱ्या बसचं वेळापत्रक, सगळं तक्त्यांत. मधल्या सुट्टीत लॅबच्या दारात उभी राहून म्हणाली (इथे बाईंना मोरा म्हणतात), "मोरा, परीक्षकाच्या कॉम्प्युटरवर माझे रकाने उलटे दिसत होते." म्हटलं, "तपासून द्यायचं असतं. कारणं सांगू नकोस." बरं म्हणून गेली.
सैन्याच्या कॉम्प्युटर कोर्सला ८५ लागतात. यादी जूनअखेर बंद होते.
जेवण: भात, कालची आमटी.

मंगळ. १० मे
शिरीची आजी, रिव्काबाई, घरी आली. तीस वर्षं इथल्या फॅक्टरीत काढली, अजून बोलणं कोकणातलं. "टीचरबाय, पोरगी जेवत नाय. काय झाला ता सांगत नाय." गुण सांगितले. मग म्हणाली, "मी एलियाहू हन्नाबीला मलिद्याचा नवस बोललंय. पोरीचा कोर्स होऊंदे. तू बघ काय ता. तुझ्या हाताखाली शिकली."
बघते म्हटलं. काय बघणार होते, माहीत नाही.

रवि. १५ मे
लॅबचा प्रिंटर बंद. शिरीची डिस्क फाइलला लावायची प्रत काढायला यारोनच्या (मु.अ.) खोलीत नेली. त्याच्या कॉम्प्युटरवर विकतचा प्रोग्रॅम आहे, परीक्षकाकडे होता तोच; लॅबमध्ये आमचा मोफतचा. फाइल उघडली. मथळे जागेवर, खालचे रकाने उलटे; हिब्रूसाठी उजवीकडून मांडलेलं याने डावीकडून घेतलं. जाणाऱ्या बस येणाऱ्यांत, येणाऱ्या जाणाऱ्यांत. बंद करून पुन्हा उघडली. तसंच.
बाकीच्या मुलांचं नुसतं लिखाण होतं, त्यांचं काही बिघडलं नाही.
चौथा तास नववीवर. शेकडेवारी घेतली. कोणी काही विचारलं नाही.

सोम. १६ मे
यारोनशी बोलले. चार वर्षांपूर्वी हाच विकतच्या प्रोग्रॅमची कॉपी केलेली सीडी घेऊन आला होता, सगळ्या शाळा तेच वापरतात म्हणून. मी म्हटलं होतं, चोरीच्या मालावर मी मुलांना शिकवणार नाही. मग मोफत मिळणारा प्रोग्रॅम आणला, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला. हिब्रूतही मिळाला. मुलांना सीडी घरी नेऊ दिल्या, राजरोस. अठरा कॉम्प्युटर मी स्वतः बसून लावले.
यारोन: "फेरतपासणी मागता येईल. पण शाळेचा प्रोग्रॅम परीक्षेला चालत नाही असं लिहावं लागेल. लिहिलंत की तो ठेवता येणार नाही. विकतचाच घ्यावा लागेल." मग: "एकाच मुलीचा प्रश्न आहे. हिवाळ्यात पुन्हा बसेल."
हिवाळ्यात यादी नसेल. त्याला म्हटलं, लिहिते.

बुध. १८ मे
परीक्षा खात्याला फेरतपासणीच्या पत्राचे तीन खर्डे. 'प्रोग्रॅम वाईट नाही' असं लिहिलं, खोडलं. कोणी विचारलेलं नाही.
खरं ते हे. दोन वर्षांपूर्वी यारोन म्हणाला होता, विकतचा प्रोग्रॅम असलेला एक तरी कॉम्प्युटर लॅबमध्ये ठेवा, पडताळून बघायला. मी ठेवू दिला नाही. तत्त्व म्हणून. तेच लिहिलं, खाली सही केली. मुलीने तक्रार केली होती आणि मी ऐकली नाही, हेही लिहिलं.
टपालात टाकलं. येताना दूध.

रवि. २२ मे
शिरीला थांबवून सांगितलं. मी मराठीत, ती हिब्रूत, नेहमीसारखं.
"चूक माझी होती. तुझी नाही."
"मी सांगितलं होतं."
"हो."
रडेल वाटलं, रडली नाही. बॅगेच्या पट्ट्याशी खेळत होती.
"मग आता लॅबमधला प्रोग्रॅम काढणार?"
"हो."
"आणि माझ्या घरचा?"
"तो तुझा आहे. तो कोणी काढू शकत नाही."
मान हलवली. बसची वेळ झाली म्हणाली. तिचं घर चालत पाच मिनिटांवर आहे.

रवि. २९ मे
कॉम्प्युटरचा माणूस आला. दुपारपर्यंत अठराच्या अठरा पुसून विकतचा घातला. विचारत होता, कुठलं काही ठेवायचंय का. नाही म्हटलं. एका मुलाने हसत विचारलं, "मोरा, आता सीडी घरी न्यायची नाही?" नाही. "नेली तर?" चोरी.
मोफतच्या सीडी अजून कपाटात आहेत. खोक्यावर काही लिहिलं नाही.

गुरु. २ जून
पत्राचं उत्तर नाही. यारोनने फोन केला होता, खात्यातले साहेब रजेवर.
संध्याकाळी रिव्काबाईकडे मलिदा. कोर्सचं काही कळलेलं नाही तरी केलाच. म्हणाली, "हन्नाबीला किती दिस ताटकळत ठेवू?" प्रार्थना झाली. पोहे, नारळ, गूळ, पाच फळं. ती स्वतः वाटत होती. माझ्या हातात ताटली दिली आणि हळूच म्हणाली, "पोरीन सांगितला काल." मी पुढचं ऐकायला थांबले. तिने माझ्या ताटलीत आणखी एक खजूर ठेवला आणि पुढच्या बाईकडे गेली.
खाल्लं. गोड होतं असं सगळ्या म्हणत होत्या.
ताटली ठेवायला आत गेले. फ्रिजवर शिरीचं वेळापत्रक चिकटवलेलं, घरच्या कॉम्प्युटरवर काढलेलं. जाणाऱ्या उजवीकडे, येणाऱ्या डावीकडे. बरोबर आहे. उभ्याने शेवटच्या बसपर्यंत वाचलं, मग पुन्हा पहिलीपासून.